पीआर टाकला, पण कोणी बघतच नाही: रिव्ह्यू कुठे अडतो ते कसं शोधायचं

"दादा, पीआर टाकून तीन हप्ते झाले. कोणी हो पण म्हणेना, नाही पण म्हणेना."

(पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट: ओपन सोर्स प्रकल्पाला 'माझा बदल घ्या' अशी केलेली विनंती.) थोड्याफार फरकानं हाच मेसेज नांदेडहून येतो, लातूरहून येतो, अंबाजोगाईहून येतो. कोड जावास्क्रिप्टचा असो की पायथनचा, तक्रार तीच. आणि तक्रारीच्या शेपटीला निष्कर्षही बांधलेला असतो: आपला कोडच भिकार असेल, नाहीतर आपण आडबाजूच्या कॉलेजातले म्हणून कोणी विचारत नसेल.

सहसा या दोन्हींतलं काहीच खरं नसतं. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या आणि बदल स्वीकारणाऱ्या माणसाला, तुमचं कॉलेज दिसत नाही आणि पीआर उघडेपर्यंत तुमचा कोडही दिसत नाही. त्याच्यासमोर असते एक लांबलचक यादी आणि नोकरी करून उरलेला संध्याकाळचा तासभर. या तासात कुठला पीआर उघडायचा, हे तो दर्जावर ठरवूच शकत नाही. हे वाचायला किती वेळ जाईल आणि वाचून झाल्यावर आपल्याला निर्णय घेता येईल का, एवढंच तो बाहेरून जोखतो. जोखण्यात तुमचा पीआर महाग दिसला की तो उद्यावर जातो, आणि उद्या यादी आणखी लांब झालेली असते. त्यामुळे दुरुस्ती बहुतेक वेळा कोडमध्ये करायची नसते, तो वाचण्याचा खर्च कमी करायचा असतो.

खाली ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं तपासा. सुरुवातीच्या गोष्टी दोन मिनिटांच्या आहेत, आणि निम्मं दुखणं तिथंच सापडण्याची शक्यता असते.

पीआर माणसापर्यंत पोचलाय तरी का?

पीआरच्या पानावर अगदी खाली जा. तिथं ज्या तपासण्या दिसतात त्या हिरव्या आहेत, लाल आहेत, की नुसत्याच थांबून आहेत? थांबून असतील तर गडबड तुमची नाही. २०२१ पासून गिटहबवर (असे प्रकल्प जिथं ठेवतात त्या साइटवर) पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याच्या पीआरवरच्या स्वयंचलित चाचण्या मेंटेनरनं परवानगी दिल्याशिवाय सुरू होत नाहीत. फुकटच्या सर्व्हरवर क्रिप्टो मायनिंग करणाऱ्यांनी उच्छाद मांडला होता, म्हणून ही व्यवस्था आली. तिकडे मेंटेनरची सवय अशी की चाचण्या हिरव्या झाल्या की बघू. तो हिरव्याची वाट बघतो, हिरवं त्याच्या परवानगीची वाट बघतं, आणि तुम्ही दोघांची. अशा वेळी एक ओळ पुरते: "माझा या प्रकल्पातला हा पहिला पीआर आहे, चाचण्यांना परवानगी हवी आहे. माझ्या मशीनवर सगळ्या पास झाल्या."

चाचण्या लाल असतील तर मात्र आधी लॉग उघडून वाचा. लाल पीआर कोणी वाचत नाही आणि वाचूही नये. तुमच्या बदलाशी संबंध नसलेली चाचणी पडलेली असेल, तर मुख्य ब्रँचवरही (प्रकल्पाच्या मूळ कोडवरही) ती पडतेय का ते बघा आणि पडत असेल तर तसं लिहून टाका. मेंटेनरची तेवढी शोधाशोध वाचते.

मग कागदपत्रं. काही प्रकल्पांत योगदानाच्या करारावर एकदा सही लागते. काहींत प्रत्येक कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) "साइन्ड-ऑफ-बाय" ही ओळ लागते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ही पद्धत २००४ पासून आहे. बॉटनं पहिल्याच दिवशी हे सांगितलेलं असतं, पण बॉटचं कोण वाचतं! पीआर चुकून ड्राफ्ट ठेवलाय का, भलत्याच ब्रँचकडे रोखलाय का, मधल्या काळात कॉन्फ्लिक्ट आलाय का (त्याच ओळी दुसऱ्यानंही बदलल्यात का), हेही लगे हात बघून घ्या.

आणि प्रकल्प जिवंत आहे ना? शेवटचा मर्ज (बदल प्रकल्पात घेणं) कधी झाला आणि बाहेरच्या माणसाचा शेवटचा मर्ज कधी झाला, या दोन तारखा बघा. पहिली गेल्या आठवड्यातली आणि दुसरी दोन वर्षांपूर्वीची असेल, तर तो कुठल्यातरी कंपनीचा आपल्यापुरता चालवलेला प्रकल्प आहे. कोड उघडा आहे, दार नाही. अशा ठिकाणी वाट बघण्यात अर्थ नाही.

डिफ उघडला आणि लगेच मिटवला

सगळ्यात जास्त पीआर इथं मरतात, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

दुरुस्ती तीन ओळींची आणि डिफ (आधीच्या आणि नंतरच्या कोडमधला फरक) दाखवतोय सातशे ओळी बदलल्या. हे चित्र आपल्याकडे फार दिसतं, आणि त्याची कारणं दोनच. पहिलं विंडोज. ओळीचा शेवट विंडोज दोन चिन्हांनी करतं, लिनक्स एका. एडिटरनं सेव्ह करताना शेवट बदलले की फाइलमधली प्रत्येक ओळ गिटला (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) नवी वाटते. दुसरं कारण "फॉरमॅट ऑन सेव्ह". व्हीएस कोडमध्ये कोणाचा तरी व्हिडिओ बघून प्रेटियर (कोडची मांडणी आपोआप बदलणारं साधन) चालू केलेलं असतं. प्रकल्पाची शैली वेगळी असते, तुम्ही सेव्ह दाबता आणि सगळे एकेरी अवतरण दुहेरी होतात. तुमच्या तीन ओळी त्यात कुठं गेल्या, हे मेंटेनरनं कशाला शोधत बसावं?

पुश करण्याआधी (कोड साइटवर चढवण्याआधी) गिट डिफ स्वतः वरपासून खालपर्यंत वाचा. मी तर म्हणेन पुश केल्यावर पीआरच्या पानावरही एकदा वाचा, कारण तिथं तोच कोड परक्याचा असल्यासारखा दिसतो आणि चुका आपोआप डोळ्यात येतात. जी ओळ तुमच्या दुरुस्तीसाठी लागत नाही ती डिफमध्ये नको. राहून गेलेलं कन्सोल लॉग नको, कमेंट करून ठेवलेला जुना कोड नको, "जाता जाता" सुधारलेलं स्पेलिंग तर नकोच. विंडोजवर गिटची ऑटोसीआरएलएफ सेटिंग (ओळींचे शेवट आपोआप बदलणारी) काय आहे ते बघा, आणि प्रकल्पात एडिटरकॉन्फिग फाइल (शैलीचे नियम असलेली) असेल तर एडिटर ती मानतोय ना याची खात्री करा.

आकाराचं म्हणाल तर गूगलनं आपल्या अभियंत्यांसाठीची रिव्ह्यूची मार्गदर्शिका सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. तिच्यानुसार १०० ओळींचा बदल साधारण ठीक आणि १,००० ओळींचा सहसा फारच मोठा. तेही एकमेकांना ओळखणाऱ्या, पगारी लोकांमध्ये. अनोळखी माणसाच्या पहिल्या पीआरला याहून आखूड माप लावा.

"पण दादा, माझं काम मोठंच आहे, तुकडे कसे करू?" तुकडे करता येतात. वागणूक न बदलता नुसती कोडची मांडणी बदलणारा भाग आधी, वेगळ्या पीआरमध्ये. मग चाचणी. मग खरी दुरुस्ती. पहिला तुकडा मर्ज झाला की तुमचं नाव ओळखीचं होतं आणि दुसऱ्याला तितकं थांबावं लागत नाही. लातूरच्या मोंढ्यावर आडत्या पोत्यात हात घालून मूठभर सोयाबीन बघतो आणि भाव बोलतो, पोतं ओतून बसत नाही. मेंटेनरही पहिल्या मुठीवरच पुढचं ठरवतो.

वर्णनात "फिक्स्ड बग" एवढंच लिहिलंय

हे दुसरं मोठं दुखणं. एक उदाहरण घेऊन बोलू.

समजा एखाद्या वेब घटकात लांब शीर्षक कापून पुढं तीन टिंबं टाकायची सोय आहे. इंग्रजीत झकास चालतं. मराठीत "शेतकऱ्यांची यादी" हे शीर्षक सहाव्या ठिकाणी कापलं की पडद्यावर उरतं "शेतकऱ्", पाय मोडलेलं. कारण सरळ आहे: जावास्क्रिप्ट श, त्याची मात्रा, त, क, ऱ आणि हलन्त हे सहा वेगवेगळे घटक मोजतं. आपल्याला तिथं अक्षरं दिसतात, त्याला घटक दिसतात. दुरुस्तीही ठाऊक आहे. इंटल सेगमेंटर नावाची सोय आता ब्राउझरांत असते, ती मजकूर वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तोडते. ती वापरून तुम्ही कोड लिहिला आणि वर्णनात टाकलं, "देवनागरीचा बग दुरुस्त केला, कृपया मर्ज करा."

आता मेंटेनर जर्मनीत बसलाय असं धरा. त्याला "शेतकऱ्" आणि "शेतकऱ्यां" यांतलं कुठलं तुटलेलं आहे हे डोळ्यांनी सांगता येत नाही. बग खरंच आहे का, हेच त्याला कळत नाही. दुरुस्ती बरोबर आहे का हा तर फार पुढचा प्रश्न. त्याला न कळणाऱ्या गोष्टीवर तुम्ही त्याची सही मागताय. तो पुढच्या पीआरकडे जाणारच.

तेच वर्णन असं लिहून बघा. इंग्रजीत लिहायचं आहे, पण आशय हा:

"अडचण: देवनागरी शीर्षक कापताना अक्षर मधोमध तुटतं. सोबत दोन चित्रं जोडली आहेत. पहिल्यात लाल वर्तुळातलं अक्षर अर्धवट आहे, दुसऱ्यात ते पूर्ण आहे. कारण: कापणारं फंक्शन घटक मोजतं, वाचकाला दिसणारी अक्षरं मोजत नाही. बदल: मोजणी इंटल सेगमेंटरनं केली, एक फंक्शन बदललं. तपासायचं कसं: नवी चाचणी चालवा, बदलाआधी ती पडते, नंतर पास होते. इंग्रजीच्या जुन्या चाचण्यांत काही बदल नाही. एक प्रश्न: जोडाक्षर हलन्तापाशी न तोडण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या इंजिनांवर 'ऱ्' आणि 'यां' वेगळे पडू शकतात. तुम्ही किती जुने ब्राउझर सांभाळता? त्यावर इथं पर्यायी कोड ठेवायचा की नाही हे ठरेल."

शेवटचा प्रश्न बघा. सबंध वर्णनात वजन त्यालाच आहे. "कसा आहे कोड?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर सगळं वाचावं लागतं, विचार करावा लागतो आणि वर कोणाला वाईट वाटू नये म्हणून शब्द जुळवावे लागतात. "किती जुने ब्राउझर सांभाळता?" याचं उत्तर मेंटेनरला तोंडपाठ असतं, ते तो चहा पिता पिता देतो. एकदा उत्तर दिलं की तो त्या पीआरमध्ये गुंतला. शिवाय फायरफॉक्समध्ये ही सोय २०२४ साली आली, त्यामुळे हा प्रश्न काही उगीच काढलेला नाही. त्याला खरोखर ठरवावं लागणार आहे.

जाता जाता भाषेचं. वर्णनाची सुरुवात "रिस्पेक्टेड सर" नं आणि शेवट "काइंडली डू द नीडफुल" नं करायची गरज नाही. तिकडे अध्यक्ष महोदय कोणी नसतात, मेंटेनर बाई असू शकते आणि वयानं तुमच्याहून लहानही असू शकतो. नाव किंवा हँडल लिहून थेट मुद्द्यावर या. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. आखूड वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट, सोबत चित्र आणि चाचणी, एवढ्यावर काम भागतं. व्याकरण चुकलं म्हणून पीआर परत आलेला मला आठवत नाही, काय म्हणायचंय ते न कळल्यानं पडून राहिलेले मात्र ढीगभर बघितलेत.

बदल बरोबर, दार चुकलं

हे कमी घडतं, पण घडतं तेव्हा माणूस चक्रावतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. कुठल्यातरी लायब्ररीत जिल्ह्यांची जुनी यादी दिसली की आपल्याकडचा एखादा हौशी पोरगा ती लगेच दुरुस्त करतो. बदल रास्त, डिफ दोन ओळींचा, वर्णन झकास, तरीही शांतता. कारण ती फाइल हातानं लिहिलेलीच नसते. दुसऱ्याच कुठल्या माहितीसाठ्यावरून एक स्क्रिप्ट ती तयार करते आणि पुढच्या खेपेला तुमची दुरुस्ती पुसून टाकते. मेंटेनरला हे प्रत्येकाला समजावून सांगायचा कंटाळा आलेला असतो.

फाइलच्या माथ्यावर "ही फाइल आपोआप तयार झाली आहे" अशी टीप आहे का ते बघा. नसेल तर गिट लॉग (बदलांचा इतिहास) लावा. एकाच बॉटचे किंवा "डेटा अपडेट" अशाच नावाचे कमिट ओळीनं दिसले, तर उगम शोधून तिकडे जा. त्याच गिट लॉगमधून आणि गिट ब्लेममधून हा भाग शेवटी कोणी हाताळला तेही कळतं, आणि विचारायचं तर त्या माणसाला विचारावं. मोठ्या प्रकल्पांत कुठला भाग कोणाचा हे सांगणारी कोडओनर्स नावाची फाइल असते. लिनक्स कर्नलमध्ये तर पॅच (पाठवायचा बदल) कोणाला पाठवायचा हे सांगणारी "गेट मेंटेनर" नावाची स्क्रिप्टच आहे.

दार चुकण्याचा आणखी एक प्रकार: बदल हवाय का, हेच आधी विचारलेलं नसतं. नवी सुविधा लिहिणार असाल तर आधी इश्यू (चर्चेची नोंद) उघडा, दोन परिच्छेदांत कल्पना मांडा, कोणी "चालेल" म्हटलं की मग हात घाला. पायथनमधल्या जँगोसारख्या प्रकल्पात तिकीट (तिथली अशी नोंद) "स्वीकारलं" या टप्प्यावर आल्याशिवाय त्यावरच्या कोडला फारसा अर्थ नसतो. टायपोसाठी मात्र इश्यू उघडत बसू नका, सरळ पीआर टाका.

आठवण कशी करायची

सगळं ठीक आहे, तरी उत्तर नाही. आता पिंग करायचं. किती दिवसांनी? लिनक्स कर्नलचा दस्तऐवज सांगतो, किमान एक आठवडा थांबा आणि धामधुमीत त्याहून जास्त. तिथं प्रत्येक आवृत्तीनंतर दोन आठवड्यांची मर्ज विंडो असते, त्या काळात नव्या पॅचकडे बघायला कोणाला फुरसत नसते. एलएलव्हीएम या कंपायलरच्या प्रकल्पातही आठवड्यातून एकदा पिंग करणं रीतसर मानलं जातं. म्हणजे पिंग करणं उद्धटपणा नाही, प्रकल्पांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय. आपल्याकडची मुलं एक तर संकोचानं महिनोन्‌महिने गप्प बसतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाच जणांना टॅग करून मोकळी होतात. दोन्ही टोकं नकोत.

पिंगमध्ये नुसतं "एनी अपडेट?" लिहू नका. काहीतरी नवं द्या: मुख्य ब्रँचवर रीबेस केलं (तिथल्या ताज्या कोडवर बदल पुन्हा बसवला), चाचण्या पुन्हा हिरव्या आहेत, वरचा ब्राउझरांचा प्रश्न तेवढा बाकी आहे. एका माणसाला, एकाच ठिकाणी. त्याच्या वैयक्तिक ईमेलवर किंवा लिंक्डइनवर जाऊन धडकू नका.

वेळेचंही भान ठेवा. आपले रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात जर्मनीतले दुपारचे साडेचार, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेदहा. प्रश्न विचारून तासाभरात दोन निरोपांची देवाणघेवाण व्हावी असं वाटत असेल तर ही वेळ बरी. नाताळ ते नववर्ष सामसूम असते. ऑक्टोबरमध्येही सांभाळून: २०१४ पासून चालणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमात टी-शर्टसाठी रीडमीत (प्रकल्पाच्या ओळखपत्रिकेत) फुटकळ शब्द घालणाऱ्यांचा पूर येत असे. २०२० मध्ये तर ओरड इतकी झाली की प्रकल्पानं स्वतःहून सहभाग नोंदवल्याशिवाय तिथले पीआर मोजायचे नाहीत, असा नियम करावा लागला. त्या गर्दीत तुमचा चांगला पीआरही संशयानं बघितला जातो.

उत्तर आलं, पण वाचून तोंड उतरलं

रिव्ह्यू मिळाला आणि तरी गाडी अडली, असंही होतं. "हे इथं का?" "नको." "चाचणी कुठंय?" एवढ्याच तीन ओळी. माणूस मनाला लावून घेतो आणि पीआर तसाच सोडून देतो.

यामागे आपली शाळा आहे असं माझं मत आहे. लातूर पॅटर्नच्या मुशीतून गेलेल्याला एक गोष्ट हाडीमाशी भिनलेली असते: उत्तर एकच बरोबर असतं, आणि लाल शाई म्हणजे गेलेले गुण. पुढं इंजिनिअरिंगला प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, तिथं बाहेरून आलेले परीक्षक चूक काढतात आणि आपण बचाव करतो. आयुष्यात पहिल्यांदा खरा रिव्ह्यू मिळतो तेव्हा हात आपोआप बचावाला जातो. पण पंधरा शेरे आले म्हणजे कोणीतरी पंधरा ठिकाणी थांबून तुमचा कोड वाचला. टाकाऊ कोडवर इतका वेळ कोणी घालवत नाही, तो मुकाट बंद करतात. आखूड लिहिण्यामागे सहसा राग नसतो, घाई असते.

शेऱ्यांची वर्गवारी करा. "निट" असं आधी लिहिलेलं असेल तर बाब किरकोळ आहे, वाद न घालता करून टाका. प्रश्न असेल तर तो प्रश्नच समजा. "हे इथं का?" याचा अर्थ "काढून टाक" असा नसतो, कारण सांगा. आणि ते कारण पीआरमध्ये सांगून थांबू नका, कोडमध्ये कमेंट म्हणूनही घाला, कारण जो प्रश्न याला पडला तो पुढच्यालाही पडणार. पटत नसेल तर एकदा, पुराव्यासकट, तसं म्हणा. तरी तो अडून बसला तर प्रकल्प त्याचा आहे, त्याचं ऐका.

प्रत्येक शेऱ्याखाली एक ओळ लिहा: केलं, या कमिटमध्ये. किंवा: केलं नाही, कारण असं. रिव्ह्यू चालू असताना आधीच्या कमिटवर सगळं घासून फोर्स-पुश (जुना इतिहास पुसून नवा चढवणं) करू नका, नाहीतर "मागच्या वेळेपासून काय बदललं" हे रिव्ह्यू करणाऱ्याला सापडत नाही आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. नवे कमिट टाका, शेवटी हवं तर एकत्र करा. काही प्रकल्पांची, कर्नलची तर नक्कीच, रीत वेगळी असते. तिथं सुधारलेला संच दुसरी आवृत्ती म्हणून नव्यानं पाठवायचा असतो आणि काय बदललं ते सोबत लिहायचं असतं.

आणि एआय. शेऱ्याला उत्तर म्हणून चॅटबॉटचे चार गुळगुळीत परिच्छेद चिकटवणं बंद करा. वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं आणि तिथंच त्याचा उत्साह संपतो. एआयनं लिहिलेल्या कोडबद्दल प्रकल्पाचा नियम काय आहे तेही आधी वाचा. जेंटू लिनक्सनं २०२४ मध्येच असं योगदान घ्यायचं नाही असं ठरवलं. नियम मोकळा असला तरी "हे असं का केलं?" याचं उत्तर तुम्हाला स्वतःला देता आलं पाहिजे.

वाचणारे मिळत नाहीत, तर आधी वाचायला लागा

मूळ तुटवडा वाचणाऱ्यांचा आहे. लिहिणारे उदंड आहेत. जँगो प्रकल्प २०१४ पासून फेलो नेमतो, त्यांना पैसे देतो आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे लोकांचे पॅच तपासणं. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या प्रकल्पानं वेगळी वाट काढली. तिथं कमिटफेस्ट नावाचे ठरावीक महिने असतात, आणि जो पॅच देतो त्यानं दुसऱ्या कोणाचा तरी पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. दुसऱ्याचा कोड तपासायला तुम्ही कमिटर (बदल थेट घेण्याचा हक्क असलेले) असायची गरज नसते.

हेच तुम्ही कुठल्याही प्रकल्पात करू शकता, कोणी नेमणूक करायची वाट बघायची नाही. पडून असलेला एखादा पीआर उतरवून घ्या, चालवा आणि लिहा: "विंडोज ११ वर चालवून बघितला, सांगितल्याप्रमाणे चालतो, फक्त फाइलच्या नावात मराठी अक्षर असलं की पडतो." ही एक ओळ मेंटेनरचा अर्धा तास वाचवते. अशा चार-दोन ओळी लिहिलेल्या माणसाचा पीआर आला की तो अनोळखी राहत नाही. दुसरा फायदा असा की इतरांचे दहा डिफ वाचल्यावर स्वतःच्या डिफमधला कचरा न सांगता दिसायला लागतो.

गावात, कॉलेजात हे आधी करून बघा. नांदेडचं एसजीजीएस असो, संभाजीनगरचं १९६० सालचं सरकारी अभियांत्रिकी असो की तालुक्याच्या गावचा पॉलिटेक्निक, चार जण सगळीकडे मिळतात. शनिवारी दोन तास बसायचं, एकाचा डिफ पडद्यावर लावायचा, आणि ज्यानं लिहिलाय त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी मोठ्यानं वाचत हा कोड काय करतो ते मराठीत सांगायचं. जिथं वाचणारा अडखळला तिथं नाव चुकलंय, फंक्शन लांबलंय किंवा कमेंट हवी आहे. नेट गेलं, लाइट गेली तरी हे थांबत नाही, डिफ लॅपटॉपवर असतो. यातून गाळून गेलेला पीआर बाहेर पाठवाल तेव्हा पहिल्या फेरीचे निम्मे शेरे आधीच मिटलेले असतील.

जवळ कोणीच नसेल आणि पीआर टाकण्याइतकी तयारीही नसेल, तर एक्सरसिझम या सरावाच्या साइटवर स्वयंसेवक मार्गदर्शक छोट्या सरावांवर फुकट अभिप्राय देतात. स्वतःचा चालता कोड दाखवून मत घ्यायचं असेल तर स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटचा कोड रिव्ह्यू विभाग आहे. तिथं न चालणारा कोड घेऊन गेलात तर प्रश्न बंद करतात, तेवढं लक्षात ठेवा.

एवढं करूनही काही नाही

महिना-दीड महिना गेला, नीट पिंग झाले, डिफ लहान आहे, चाचण्या हिरव्या आहेत, तरी शांतता. होतं असं. मेंटेनरची नोकरी बदलते, घरी बाळ येतं, उत्साह संपतो. त्याला दोष देऊ नका आणि पीआरखाली कडू ओळही लिहू नका, ती कायम तिथं राहते आणि पुढं नोकरीला ठेवणारा माणूसही ती वाचतो.

तुम्हाला तो बदल खरंच लागत असेल तर आपल्या फोर्कमधून (प्रकल्पाच्या आपल्या प्रतीतून) वापरा आणि पीआरमध्ये तसं नोंदवा. त्याच अडचणीचा दुसरा कोणी शोधत आला तर त्याला वाट सापडेल, आणि कित्येकदा असा दुसरा माणूस येऊन "माझ्याकडेही चालतं" म्हणाला की मेंटेनर जागा होतो. बदल तुम्हाला आता लागत नसेल तर आभार मानून पीआर बंद करा आणि पुढच्या प्रकल्पाकडे वळा. फक्त बंद केल्यावर आवराआवरीच्या भरात फोर्क डिलीट करू नका आणि त्या ब्रँचवर फोर्स-पुशही करू नका. दोन्हींपैकी काहीही केलं तर गिटहब तोच पीआर पुन्हा उघडू देत नाही, आणि सहा महिन्यांनी कोणी "हे अजून हवं आहे का?" असं विचारलं तर सगळं नव्यानं टाकावं लागतं.